छडी आणि कित्ता

१९२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत मद्रास शहरातील लॉली हॉलमध्ये आठ उर्दू व्याख्याने झाली. व्याख्याते सय्यद सुलेमान नदवी हे मूळचे बिहारमधील देसना गावचे, लखनौच्या नदवा या विद्यालयात शिकलेले आणि त्या वेळी आझमगढच्या दारुल मुसन्निफीन या ग्रंथलेखन करणाऱ्या संस्थेचे चालक. महाराष्ट्राला हे नाव फारसे परिचित नसले, तरी महाराष्ट्र त्यांना परिचित होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काही काळ फारसी शिकविली होती. १९१४ साली त्यांचे गुरू शिबली नोमानी निवर्तले आणि गुरूंच्या हातून अपुरे राहिलेले महंमद पैगंबरांचे बृहत् चरित्र पुरे करण्याची जबाबदारी या शिष्यावर आली.

मद्रासची व्याख्याने पंडितांसाठी नव्हती. ती इंग्रजी शाळाकॉलेजांत शिकणाऱ्या मुसलमान विद्यार्थ्यांसाठी होती. त्या शहरात एका अमेरिकन दात्याच्या देणगीतून ख्रिस्तचरित्रावर आणि ख्रिस्ती धर्मावर प्रतिवर्षी व्याख्याने होत असत. ती पाहून तेथील मुस्लिम शिक्षणसंस्थेच्या चालकांच्या मनात आले की, आपल्या मुलांसाठीही असे काही असावे. चामड्याचे मोठे व्यापारी शेठ जमाल महंमद यांनी खर्चाचा भार उचलला. ही हकीकत वरवर पाहता एका समाजाने दुसऱ्याचे पाहून केलेल्या अनुकरणाची दिसते. पण त्यामागची अडचण खरी होती आणि ती त्या शहरात सुमारे सव्वाशे वर्षे साचत आलेली होती.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्काटचा नवाब महंमद अली वालाजाह याने मद्रासला आपली राजधानीच करून टाकली. राज्याचा कारभार कर्जात बुडाला होता, परंतु विद्वानांना बोलावून त्यांचा परामर्श घेण्यात नवाबाने हात आखडला नाही. लखनौच्या फिरंगी महल घराण्यातील मौलाना अब्दुल अली हे त्याच्या निमंत्रणावरून दक्षिणेत आले. त्यांचे वडील मुल्ला निजामुद्दीन यांनी आखून दिलेला अभ्यासक्रम ‘दर्से निजामी’ या नावाने हिंदुस्थानभर मदरशांतून चालू होता, आणि खुद्द अब्दुल अलींना लोक ‘बहरुल उलूम’, म्हणजे विद्यांचा सागर, म्हणत. त्यांची पालखी आली तेव्हा नवाबाने स्वतः तिला खांदा दिला असे सांगतात. १८१० साली त्यांचा अंत झाला आणि ट्रिप्लिकेनमधील वालाजाह मशिदीच्या आवारात त्यांना मूठमाती देण्यात आली.

हा अभ्यासक्रम बुद्धीला धार लावणारा होता. तर्क, व्याकरण, तत्त्वज्ञान, न्यायशास्त्र यांचा त्यात मोठा भरणा होता. विद्यार्थी वादात हार जात नसे. परंतु माणूस म्हणून तो कसा घडावा, हा विषय पुस्तकांच्या यादीत क्वचितच सापडे. तो गुरूच्या सहवासावर सोडलेला असे. गुरू बहरुल उलूमसारखा असला तर प्रश्नच नव्हता. तसा नसला तर सहवासाच्या जागी छडी येई, आणि मराठी मुलुखातील पंतोजींच्या शाळेत वाढलेल्या आपल्या पणजोबांना या छडीची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नव्हते.

त्याच काळात, त्याच शहरात, एग्मोर भागातील अनाथ मुलांच्या शाळेत एक निराळा प्रयोग चालू होता हे येथे सांगितले पाहिजे. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ साली त्या शाळेचा प्रमुख झाला. शिक्षक अपुरे आणि नाखूश होते. एके दिवशी त्याला एका देशी शाळेत मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरविताना दिसली. त्याने ती रीत उचलली, आणि थोरल्या मुलांकडे धाकट्यांचे शिक्षण सोपविले. अपराध घडला तर त्याची नोंद वहीत होई आणि निवाडा मुलांचेच पंच करीत. बेलने १७९७ साली लंडनमध्ये याचा वृत्तांत छापला, आणि ‘मद्रास पद्धती’ म्हणून ती इंग्लंडभर गाजली. गंमत अशी की, थोरल्याने धाकट्याला धडा घालून द्यावा ही चाल आपल्या गावठी शाळांत आणि मक्तबांत कोणीही नाव न ठेवता चाललेली होती. बेलचे वेगळेपण त्याला वाव देण्यात आणि छडीवरचा विश्वास कमी करण्यात होते. मात्र स्वस्ताईपायी या पद्धतीचे पुढे यंत्र झाले, आणि एका शिक्षकाच्या अंगावर शेकडो मुले घालण्यासाठी तिचा उपयोग झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नवाबी दरबाराकडे नेमलेला इंग्रज अधिकारी डॉ. एडवर्ड बाल्फर याच्या प्रोत्साहनाने नवाबाच्या मदरशाचे रूपांतर आधुनिक शाळेत झाले. हीच ‘मदरसा-ए-आझम’. १८५५ साली शेवटचा नवाब गुलाम गौस खान निपुत्रिक वारला, गादी खालसा झाली आणि शाळा सरकारकडे गेली. १८७२ साली मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड होबार्ट याने मुसलमानांच्या शिक्षणाकडे सरकारचे लक्ष वेधले, आणि मुलींच्या शाळेशी त्याच्या घराण्याचे नाव जोडले गेले. १८८७ साली राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले. त्याचे अध्यक्ष होते बद्रुद्दीन तय्यबजी, मुंबईच्या अंजुमन-इ-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक. तेव्हा आधुनिक शिक्षण घ्यावे की न घ्यावे हा वाद शहरातील मुसलमान समाजात जवळजवळ मिटला होता. उरला होता तो दुसराच प्रश्न.

मूल सकाळी मक्तबात कुराणाचे अरबी पाठ घोकी. दुपारी सरकारी किंवा मिशनच्या शाळेत गणित आणि इंग्रजी शिके. मक्तबात अर्थ कळत नव्हता आणि शाळेत त्याच्या धर्माचा अर्थ सांगणारा कोणी नव्हता. त्यात भाषांचा गुंता. नवाबाच्या वंशपरंपरेतले लोक दखनी उर्दू बोलत. समुद्रकाठचे मरक्कायर, लब्बै, रावुत्तर हे तमिळ बोलत आणि अरबी लिपीत तमिळ लिहिण्याची ‘अरवी’ नावाची त्यांची स्वतंत्र परंपरा होती. तमिळ भाषेत मशिदीला ‘पळ्ळिवासल’ म्हणतात आणि शाळेला ‘पळ्ळिक्कूडम’. दोन्हींत ‘पळ्ळि’ एकच. भाषेने ज्या दोन वास्तू एका शब्दात बांधल्या होत्या, त्यांची ताटातूट शिक्षणात झाली होती.

सुलेमान नदवींनी लॉली हॉलमध्ये हात घातला तो या ताटातुटीला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. माणसाला चारित्र्य शिकवावयाचे तर नुसते नियम पुरत नाहीत. लहान मुलाला सुंदर अक्षर शिकविताना आपण अक्षराची व्याख्या सांगत नाही. त्याच्यापुढे कित्ता ठेवतो. जीवनालाही कित्ता हवा. तो कित्ता कोणता घ्यावा हे ठरविण्यासाठी त्यांनी चार कसोट्या मांडल्या: ते जीवन इतिहासात पडताळता यावे, त्यातील कोणताही भाग झाकलेला नसावा, राजा आणि रंक, बाप आणि व्यापारी अशा नाना अवस्थांच्या माणसांना त्यात काही सापडावे, आणि त्या पुरुषाने जे सांगितले ते स्वतः करून दाखविलेले असावे. कित्त्याची उपमा येथे मराठी सोयीसाठी घेतली आहे. कुराणात पैगंबरांच्या जीवनासाठी ‘उत्तम नमुना’ या अर्थाचा शब्द आहेच.

या व्याख्यानांत वादाचा सूर पुष्कळ आहे हे लपविण्यात अर्थ नाही. या कसोट्यांवर इतर धर्मसंस्थापकांची चरित्रे उतरत नाहीत, असे दाखविण्याचा त्यांचा प्रयत्न आज पुष्कळ वाचकांना एकांगी वाटेल, आणि तो एकांगी आहेच. परंतु चौथी कसोटी, आचरणाची, ही कोणत्याही शिक्षकाला निरुत्तर करणारी आहे. ती लावली तर पहिला प्रश्न विद्यार्थ्याला विचारता येत नाही. तो वर्गात उभ्या असलेल्या माणसालाच विचारावा लागतो.

मग हा कित्ता मुलांशी कसा वागत होता? हदीस-ग्रंथांतून याविषयी लहानलहान आठवणी नोंदल्या आहेत, आणि मोठ्या तत्त्वांपेक्षा त्याच अधिक बोलक्या आहेत. अनस नावाचा मुलगा साधारण दहा वर्षांचा असताना मदिनेत पैगंबरांच्या सेवेस लागला आणि दहा वर्षे त्यांच्यापाशी राहिला. वृद्धपणी त्याने सांगितले की, या दहा वर्षांत, हे का केलेस आणि हे का केले नाहीस, असे त्याला एकदाही टाकून बोलण्यात आले नाही. एकदा त्याला कामाला पाठविले असता तो वाटेत बाजारात खेळणाऱ्या मुलांपाशी रेंगाळला. मागून कोणीतरी त्याची मान हळूच धरली. वळून पाहतो तो पैगंबर हसत उभे, आणि लाडाने त्याचे नाव घेऊन विचारीत होते की, सांगितले होते तिकडे गेलास का? अनसचा धाकटा भाऊ एका चिमण्या पाखराशी खेळे. ते पाखरू मेले तेव्हा त्या पोराच्या दुःखाची त्यांनी विचारपूस केली. नमाज चालू असताना लहान मुलाचे रडणे कानी आले तर आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते नमाज आवरती घेत. नात उमामा हिला खांद्यावर घेऊनच त्यांनी नमाज पढल्याची नोंद आहे.

अमळनेरच्या वसतिगृहात मुलांच्या अंथरुणा-पांघरुणाची काळजी घेणाऱ्या साने गुरुजींची मराठी वाचकाला येथे आठवण व्हावी हे साहजिक आहे. गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिले ते काही योगायोगाने नव्हे.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलाला सातव्या वर्षी नमाजाची आज्ञा द्यावी आणि दहाव्या वर्षी टाळाटाळ केल्यास मारावे, अशा आशयाची हदीस परंपरेत आहे, आणि मक्तबातील उस्तादाने आपल्या छडीला आधार शोधला तो बहुधा तेथेच. शास्त्रकारांनी या माराला इजा न होण्याची, राग नसण्याची, संख्येची अशा अनेक मर्यादा घातल्या. मर्यादा ग्रंथांत राहिल्या. छडी तेवढी वर्गात आली.

या छडीविरुद्ध सर्वांत ठाम शब्द इस्लामी परंपरेच्या आतूनच उमटले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. बगदादच्या निजामिया विद्यापीठात शिकविणारे इमाम गझाली १०५८ ते ११११ या काळातले. त्यांच्या मते मूल ही आईबापांच्या हाती दिलेली ठेव आहे आणि त्याचे मन अजून काहीही न कोरलेल्या मौल्यवान रत्नासारखे आहे. मुलाने चांगले केले तर चारचौघांत त्याचे कौतुक करावे. एखादे वेळी चुकले तर न पाहिल्यासारखे करावे, विशेषतः ते स्वतःच चूक झाकू पाहत असेल तेव्हा. पुन्हा चुकले तर एकांतात समज द्यावी. सदान् कदा बोलत राहू नये, कारण मग बोलणी ऐकण्याची सवय होते आणि शब्दाचे वजन जाते. मक्तब सुटल्यावर मुलाला खेळू द्यावे. खेळ तोडून सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे मन मरते, बुद्धी मंदावते, आणि सुटका करून घेण्यासाठी ते युक्त्या शोधू लागते. गझाली काही आजच्या अर्थाने मवाळ नव्हते. साधे अन्न, कठीण अंथरूण आणि मोठ्यांपुढे अदब यांविषयी ते कडक होते, आणि उस्तादाने मारले तर मुलाने आक्रोश करू नये असेही त्यांनी सांगितले आहे. तरीही मुलाची लाज आणि मुलाचा खेळ या दोन गोष्टी जपाव्यात, हे त्यांनी अकराव्या-बाराव्या शतकात लिहून ठेवले.

ट्यूनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या इब्न खल्दूनने तर प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. १३७७ साली लिहिलेल्या आपल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात त्याने एक प्रकरणच या विषयाला दिले आहे. धाकाखाली वाढणाऱ्या मुलाचा जीव आक्रसतो, उत्साह जातो. ते आळशी होते. हात उगारला जाईल या भीतीने ते मनात एक आणि तोंडी एक असे वागू लागते, आणि कपट हाच पुढे त्याचा स्वभाव बनतो. म्हणजे ज्या चारित्र्यासाठी छडी उचलली त्याचाच ती नाश करते. इब्न खल्दून इतिहासकार होता. त्याने येथे न थांबता सांगितले की, जुलमाखाली राहिलेल्या राष्ट्रांचेही असेच होते. १९२५ साली परकीय राज्याखाली बसलेल्या मद्रासी तरुणांना हे प्रकरण कोणी वाचून दाखविले असते तर सभागृहात चांगलीच चुळबुळ झाली असती.

व्याख्यानांची प्रथा नदवींबरोबर संपली नाही. १९२७ साली मार्माड्यूक पिक्थॉल मद्रासला आले. हे इंग्रज कादंबरीकार १९१७ साली मुसलमान झाले होते. १९२० ते १९२४ या काळात त्यांनी मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादन केले, आणि नंतर निजामाच्या नोकरीत हैदराबादच्या चादरघाट हायस्कूलचे मुख्याध्यापकपद स्वीकारले. मद्रासला त्यांनी इस्लामच्या सांस्कृतिक बाजूवर इंग्रजीत भाषणे केली. त्यांत परधर्मसहिष्णुता आणि स्त्री-पुरुषसंबंध हे विषय होते. रोज सकाळी शाळेची घंटा ज्याच्या हुकमाने वाजते असा माणूस धर्माविषयी बोलत होता, याचे महत्त्व कमी लेखता येत नाही.

आणि जानेवारी १९२९ मध्ये आले कवी महंमद इक्बाल. त्यांची व्याख्याने आर्मेनियन स्ट्रीटवरील गोखले हॉलमध्ये झाली. नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाची ही वास्तू. ज्या गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि हरले, त्यांच्या नावाच्या छपराखाली इस्लामी विचाराच्या पुनर्रचनेची चर्चा झाली. इक्बालांनी इंग्रजीत मांडलेले तत्त्वज्ञान पुढच्याच वर्षी लाहोरला ग्रंथरूपाने निघाले आणि जगभर गेले. पण ते अवघड होते. बर्गसाँ आणि कांट यांच्या संदर्भांनी भरलेले होते. लहान मुलांसाठी १९०२ सालीच ‘बच्चे की दुआ’ ही प्रार्थना लिहिणारा कवी मद्रासमध्ये मात्र प्रौढांशीच बोलला.

या सगळ्या उपक्रमाची उणीव नेमकी येथे दिसते. तीन मोठी माणसे आली. एकाने उर्दूत आणि दोघांनी इंग्रजीत व्याख्याने दिली. शहरातील तमिळ बोलणाऱ्या मुसलमान मुलांच्या घरी या दोन्हींपैकी एकही भाषा नव्हती. ज्यांनी पैसा पुरविला ते जमाल महंमद स्वतः तमिळभाषी रावुत्तर होते, ही त्यातली विशेष गोष्ट. श्रोता होता कॉलेजातला तरुण. चारित्र्य मात्र त्याच्या कितीतरी आधी, सात-आठ वर्षांच्या वयात, एखाद्या गल्लीतल्या मक्तबाच्या चटईवर घडून गेलेले असते. त्या चटईपुढे बसलेल्या उस्तादाला व्याख्यानाचे निमंत्रण होते काय? त्याच्या पगाराचा, त्याच्या प्रशिक्षणाचा विचार व्याख्यानमालेच्या योजनेत बसत नव्हता. गझाली आणि इब्न खल्दून हे खरे तर त्या उस्तादासाठी लिहून गेले होते, आणि त्याच्यापर्यंत पोचली होती ती केवळ छडीची हदीस.

पुढे व्यापाऱ्यांच्या दानशूरपणातून संस्था उभ्या राहिल्या. १९५१ साली मद्रासला न्यू कॉलेज आणि तिरुचिरापल्लीस जमाल महंमद कॉलेज निघाले. न्यायमूर्ती बशीर अहमद सय्यद यांनी १९५५ साली दक्षिण भारत शिक्षण न्यासाच्या वतीने मुलींसाठी महाविद्यालय काढले, आणि ज्या घरांतून मुलगी चौथी-पाचवीनंतर घरी बसत असे त्या घरांतील मुली पदवीधर होऊ लागल्या. या कामाचे मोल कोणत्याही व्याख्यानमालेपेक्षा अधिक धरावे लागेल. तथापि संस्था वरून खाली बांधल्या गेल्या. कॉलेज आधी झाले आणि मक्तब मागेच राहिले.

मध्यंतरी देशाच्या कायद्याने छडीवर बोट ठेवले. २००९ सालच्या बालकांच्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने मदरसे आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्या अधिनियमाच्या कक्षेतून वगळल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या सर्वच शाळांना तो लागू होत नाही असा निर्णय दिला. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या एका पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे सुचविले, आणि ते ज्या प्रकरणांत सुचविले ती महाराष्ट्र आणि तमिळनाडूतून गेलेली होती. संस्थांचे स्वातंत्र्य मोठे की मुलाची पाठ, असा हा वाद नाही. दोन्ही जपावयाचे आहेत. पण कायद्याचा हात जेथे थेट पोचत नाही, तेथे मुलाचे रक्षण करण्यास उरतात ते शाळेचा प्रमुख आणि त्याला मान्य असलेली परंपरा.

नदवींची आठ व्याख्याने ‘खुत्बाते मद्रास’ या नावाने छापली गेली, इंग्रजीत उतरली आणि अजून वाचली जातात. शेवटच्या व्याख्यानाचा विषय होता श्रद्धा आणि कृती. बाजारात रेंगाळलेल्या अनसला मागून मान धरून हसत हाक मारणे ही कृती कोणत्याही मक्तबात, कोणत्याही सकाळी, करता येण्याजोगी आहे. तिला व्यासपीठ लागत नाही, देणगी लागत नाही, आणि ती तमिळमध्येही तितकीच सोपी आहे.